गुरुवार ते मंगळवार

कुंदा,

उद्या दुपारी विनूचं विमान येतंय. मी सकाळपासून तीनदा वेबसाइट उघडून पाहिली. टोरंटोहून सुटणारं तेच ना, वेळ तीच ना. अविनाश म्हणाला, "अगं, उद्याचं विमान आज लेट कसं दिसेल?" नवऱ्याचं बरोबर आहे, पण माझा जीव थाऱ्यावर नाही, आणि त्याला कारण विमान नाही. सस्काटूनच्या विमानतळापासून तुझ्या अपार्टमेंटपर्यंत गाडीनं वीस मिनिटं लागतात. ती वीस मिनिटं तुझी धाकटी बहीण माझ्या शेजारच्या सीटवर बसलेली असणार. तिला मला एक गोष्ट सांगायची आहे. सांगायची की नाही, हेच अजून ठरत नाही.

तू बुधवारी गेलीस. विनूचा व्हिसा त्याच्या आदल्या शुक्रवारी हातात पडला होता आणि तिकीट मिळालं ते उद्याच्या शनिवारचं. म्हणजे तीन दिवस कमी पडले. सोमवारपर्यंत तुला तिच्यासाठी थांबवून ठेवलंय. ते फ्युनरल होमवाले फोनवर इतकं गोड बोलतात की मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटतं.

तुझ्याबद्दल चार शब्द लिहून द्या, असं युनिव्हर्सिटीतल्या तुझ्या इतिहासाच्या डिपार्टमेंटनं मला सांगितलंय. जन्म, शिक्षण, पीएचडी, असलं काही. ते लिहायला बसले आणि हे पत्र सुरू झालं. ते चार शब्द दुसरं कुणी तरी लिहील.

आपली ओळख आठवते? चर्चच्या बेसमेंटमध्ये दिवाळीचा पॉटलक होता. कुणी तरी मला विचारलं, तुम्ही काय करता, आणि मी नेहमीसारखं पुटपुटले, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये असते. तू पलीकडून विचारलंस, "लॅबमध्ये काय?" मी म्हटलं, लघवीतल्या पेशी बघते मायक्रोस्कोपखाली, कॅन्सर आहे का ते. एवढं सांगितल्यावर माणसं सहसा भाजी वाढून घ्यायला उठतात. तू हातातली प्लेट खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "अरे बाप्पा! म्हणजे आपण दोघी एकाच धंद्यातल्या!"

मग गुलाबजाम खाणाऱ्या पंधरा जणांसमोर तू मला ऐकवलंस की सातशे वर्षांपूर्वी युरोपातल्या वैद्याची ओळख म्हणजे हातातली लघवीची काचेची सुरई. चित्रात वैद्य काढायचा तर ती सुरई उजेडाकडे धरलेला काढायचा. रंगांचा तक्ता असायचा, पाण्यासारख्या पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत वीस रंग. रोग्यानं स्वतः यायची गरज नाही, नोकराबरोबर सुरई पाठवली की झालं. आणि लोकही बेरकी. वैद्याची परीक्षा घ्यायला बैलाचं मूत्र पाठवायचे. अविनाशनं त्या दिवशी अर्धा गुलाबजाम टाकून दिला. घरी येताना म्हणाला, "या बाईंना पुन्हा जेवायला बोलवायचं असेल तर मला आधी सांग." पुढची नऊ वर्षं त्यानंच तुला दर आठवड्याला बोलावलं.

तू सगळ्यांचं निदान करायचीस. रक्त, कफ, पिवळं पित्त, काळं पित्त, या चार रसांत जगातली सगळी माणसं बसवून टाकायचीस. अविनाश कफाचा, कारण तो सोफ्यावरून उठत नाही. मी काळ्या पित्ताची. "शैला, तू घराला कुलूप लावून तीनदा परत येतेस. त्या काळात असतीस ना, तर दर वसंतात न्हाव्याकडे बसवून तुझं वाटीभर रक्त काढलं असतं, तेही चंद्र कुठल्या राशीत आहे ते बघून." मी म्हणायचे, बरं झालं मग, मी आत्ता जन्मले. यावर तू हसायची नाहीस. त्या लोकांना कुणी हसलं की तुझा पारा चढायचा. ते मूर्ख नव्हते, घाबरलेले होते, असं तू दर वर्षी पहिल्याच लेक्चरला मुलांना सांगायचीस.

आपलं खरं भांडण मात्र एकच, आणि ते मिटलं नाही. रोग्याला खरं सांगायचं की नाही? तुझ्या त्या जुन्या पोथ्यांत, आपल्याकडच्या आणि युरोपातल्याही, वैद्याला सल्ला दिलेला असायचा. मरण दिसत असलं तरी रोग्याच्या तोंडावर बोलू नये. युरोपातला सल्ला तर पक्का व्यवहारी. रोग्याला म्हणावं, देवाच्या कृपेनं उठाल, आणि बाहेर येऊन नातेवाइकांना सांगावं की अवघड आहे. वाचला तर तुमची कीर्ती, गेला तर तुम्ही सांगितलंच होतं. तू हे वाचून दाखवायचीस आणि चिडायचीस. "ज्याचं शरीर, त्यालाच सोडून गावाला माहीत!"

मी म्हणायचे, कधी कधी तेच बरं असतं. माझ्या वडलांना आम्ही शेवटपर्यंत कळू दिलं नाही. पोटात अल्सर आहे म्हणून सांगितलं. पुण्यात घरी होते, शेवटच्या महिन्यापर्यंत मजेत श्रीखंड खाल्लं, पेपर वाचला, शांतपणे गेले. तू विचारलंस, "त्यांना माहीत नव्हतं, हे तुला कशावरून माहीत?" मी त्या दिवशी तुला चहासुद्धा न देता कोट घालायला लावला. आठवड्यानं तूच आलीस, खोबऱ्याची वडी घेऊन. विषय काढला नाहीस. मीही नाही.

तुझ्या चिडण्यामागचं मला फार उशिरा कळलं. नागपूरला हाताने लिहिलेल्या औषधांच्या वह्यांवर तू चार वर्षं काढलीस, मोडी वाचून डोळे गेले. एकदा म्हणालीस, "या शेकडो पानांत माझी आजी कुठंच नाही गं. गावातली निम्मी बाळंतपणं तिनं केली. अन् या वह्या लिहिणारा वैद्य तिच्या वस्तीत पाय ठेवत नव्हता. वस्तीनं माणूस पाठवायचा, हा वेशीवर त्याला दोन प्रश्न विचारणार, पुडी फेकणार. काय झालं आहे ते कोणी आम्हाला सांगतच नव्हतं. प्रेत उचलायची वेळ आली की कळायचं." म्हणून तुला सगळं कळायला हवं होतं. एक्स-रे, रिपोर्ट, औषधाच्या डोसचे आकडे, सगळं. आणि तरी मी तुला सांगितलं नाही.

आता गुरुवारचं सांगते.

माझी कामाची एक पद्धत आहे, तुला ती मीच मोठ्या अभिमानानं सांगितली होती. मी स्लाइडवरचं नाव आधी वाचत नाही. वय, नाव, डॉक्टरनं लिहिलेली शंका वाचली की मन एका बाजूला कलतं. म्हणून मी आधी पेशी बघते, मग लेबल. ऑक्टोबरातल्या त्या गुरुवारी, लाँग वीकेंडच्या आधी सगळ्यांचीच घाई होती. जेवणानंतरची दुसरी स्लाइड. पेशींची केंद्रकं मोठी, काळी, कडा वेड्यावाकड्या. शंका घ्यायला जागाच नव्हती. वाईट पेशींच्या बाजूला पेनानं ठिपके द्यायचे असतात, पॅथॉलॉजिस्टला लगेच दिसावं म्हणून. मी अकरा ठिपके दिले. मनात म्हटलंसुद्धा, कोण बिचारं आहे हे. मग लेबल वळवून पाहिलं.

ओळखीचं नाव दिसलं की स्लाइड शेजारच्या टेबलावर द्यायची, हा आमच्याकडचा शिरस्ता. पण मी तर वाचून मोकळी झाले होते. मी ट्रे उचलला, पॅथॉलॉजिस्टच्या खोलीत ठेवला, वॉशरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले. तीन वाजता त्यांनी सही केली, चारला रिपोर्ट तुझ्या फॅमिली डॉक्टरकडे गेला. तुझा डॉक्टर सुट्टीवर, मंगळवारी येणार, हे तूच मला सांगितलं होतंस. "थोडं रक्त जाऊन राहिलंय लघवीतून, इन्फेक्शन असेल. विनूला सांगू नको, ती रजा घेऊन आली आहे, उगाच तिचं हिंडणं बंद व्हायचं."

विनू महिनाभराची रजा काढून नागपूरहून आली होती. शाळेतल्या बाईंना अशी रजा मिळते म्हणजे काय ते तुला माहीत. रविवारी दुपारी तिचं परतीचं विमान. व्हिसा एकदाच आत यायचा.

मला तोंड उघडायची परवानगी नव्हती. नवऱ्याला नाही, मैत्रिणीला नाही, खुद्द रोग्यालाही नाही. रोग्याला सांगणार तो डॉक्टर. नोकरी जाईल ही भीती होतीच, खोटं कशाला बोलू. पण ती एकटीच नव्हती. दर वेळी मनात यायचं, माझंच चुकलं असेल तर? पॅथॉलॉजिस्टनं सही केली तरी मला वाटत होतं, चुकलं असेल. शुक्रवारी मी तुझा नंबर चार वेळा फिरवला आणि वाजायच्या आत ठेवून दिला.

शनिवारी सकाळी तू आम्हाला दोघांना जेवायला बोलावलंस. तुझ्या किचनच्या खिडकीत छान ऊन आलं होतं आणि ओट्यावर एक काचेची बरणी होती. येत्या बुधवारी तुझं मूत्रपरीक्षेचं लेक्चर होतं, त्याची तयारी. आपल्याकडची तेलाच्या थेंबाची परीक्षा तू मुलांना दर वर्षी करून दाखवायचीस. सकाळची लघवी काचेच्या भांड्यात घ्यायची, उन्हात ठेवायची, गवताच्या काडीनं तिळाच्या तेलाचा एक थेंब हलकेच वर सोडायचा. पसरला तर रोग बरा होणारा. आहे तिथंच राहिला तर कठीण. बुडाला तर वैद्यानं निरोप घ्यावा. पसरताना हंसाचा, कमळाचा आकार झाला तर शुभ, नांगराचा किंवा कासवाचा झाला तर नाही.

"क्लासमध्ये ॲपल ज्यूस वापरते," तू म्हणालीस, "पण आधी खऱ्यावर ट्राय करायला नको? आजची ताजी आहे."

"शी, ताई! इथंच पोळ्या लाटून राहिली मी!" विनू लाटणं घेऊन मागे सरकली.

तेल तू चायनीज ग्रोसरीतून आणलं होतं, भाजलेल्या तिळांचं, काळपट. विनू म्हणाली, नूडल्सचा वास येऊन राहिला. अविनाश बाल्कनीत पळाला. तू काडी बुडवलीस, थेंब सोडलास. मी त्या थेंबाकडे बघत होते. थेंब पसरला. चांगला गोल, ऐसपैस पसरला.

"साध्य!" तू टाळी वाजवलीस. "विनू, जा खुशाल. तुझी ताई एवढ्यात मरत नाही. काय शैला, तुझ्या मायक्रोस्कोपचं काय म्हणणं?"

मी म्हटलं, "छान पसरला."

हेच माझे शब्द. कुंदा, मी तुला नऊ वर्षांत पुष्कळ थापा मारल्या असतील. साडी छान दिसते म्हटलं असेल, लेख वाचला म्हटलं असेल. पण ही एक थाप मला झोपू देत नाही.

जेवताना मी विनूला विचारलं, तिकीट बदलता येतं का गं? आठ-पंधरा दिवस पुढं? ती हसली. "काहून? मंगळवारी शाळेत हजर व्हायचं आहे मला." मी म्हटलं, तसं नाही, पानं आता रंगलीत, अजून थोडं हिंडला असतात. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा अविनाशनं माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "शैले, वरण घे, थंड होऊन राहिलं." एवढीच माझी हिंमत. रविवारी आपण तिला विमानतळावर सोडलं, ती काचेपलीकडून हात हलवत गेली, आणि मी तुझ्या शेजारी उभी राहून हात हलवत होते.

मंगळवारी दुपारी तुझा फोन आला. मी किंचाळायला हवं होतं, "काय?" म्हणायला हवं होतं. मला ते जमलंच नाही. मी फक्त म्हटलं, "मी येते." तुला तेव्हा ते खटकलं असेल का?

मूत्राशयाचा कॅन्सर, आणि तोवर तो फुप्फुसात पोचलेला. ते चार-पाच दिवस आधी कळून तुझं काही वाचलं असतं, असं कुणीही डॉक्टर म्हणणार नाही. तो हिशेब मी हजारदा केलाय, त्या बाजूनं मी सुटते. विनूच्या बाजूनं सुटत नाही. रविवारी ती विमानात चढली नसती तर इथंच राहिली असती, बिनपगारी का होईना. नोव्हेंबरात तिनं पुन्हा अर्ज केला, नामंजूर झाला. नुकत्याच जाऊन आलात, म्हणे. फेब्रुवारीत हॉस्पिटलचं पत्र जोडून पुन्हा केला, तो पडून राहिला. आठ महिने तुम्ही दोघी स्काइपवर एकमेकींचे अडकलेले चेहरे बघत बसलात. ते आठ महिने मी तिचे घेतले.

दर गुरुवारी मी तुला केमोला न्यायचे. उणे पस्तीसमध्ये गाडी गरम करून, ब्रिजवरून हळू चालवत. तू मजेत. "बघ, हेही नसेतून सुरुवात करतात, हेही विषच देतात, अन् हेही कॅलेंडर पाहूनच देतात. सातशे वर्षांत काय बदललं? खुर्ची आरामाची झाली." नर्सला तू चार रस समजावून सांगितलेस, आणि ती तुला म्हातारपणी कोर्स घेईन म्हणाली. मी शेजारी सूपचा थर्मास धरून. आज सांगू, पुढच्या गुरुवारी सांगू. तू बरी असलीस की वाटायचं, आज कशाला मोडता घालू. बरी नसलीस की वाटायचं, आज नको. असे तीस-एक गुरुवार गेले.

आता तू नाहीस, म्हणजे सांगायला विनूच उरली. सांगितलं तर तिला वाटेल, ताईच्या शेवटच्या दिवसांची ही चोर. नाही सांगितलं तर मी तिच्या हाताला धरून सोमवारी तुझ्यापुढे उभी राहणार, आणि ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवणार. दोन्ही मला सहन होणार नाही. गाडीत पेट्रोल आहे का ते मी आता पुन्हा बघून येते.

*

हे वरचं लिहून तीन आठवडे झाले. विनू परत गेली.

गाडीत सांगितलं नाही. ती एवढीशी बॅग घेऊन बाहेर आली, गाडीत बसली, नदी आली तसं विचारलं, "याच पुलावरून गेलो होतो ना?" मी हो म्हटलं. वीस मिनिटं संपली.

सोमवारीही नाही. सस्काटूनमधली नागपूरची दोन्ही कुटुंबं आली होती, त्यांनी आणि विनूनं त्रिशरण-पंचशील म्हटलं. तिचा आवाज कुठं हलला नाही. तुझा एक विद्यार्थी उठला, इंग्रजीत बोलला, की आजारी माणसाला हसायचं नाही, मग तो कुठल्याही शतकातला असो, हे तुझ्याकडून शिकला. त्यानं ॲपल ज्यूसचंही सांगितलं आणि लोक हसले. विनूनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी ताठ बसून राहिले.

गुरुवारी आम्ही तुझं अपार्टमेंट आवरायला घेतलं. पुस्तकं युनिव्हर्सिटीला, भांडी कुणाकुणाला. विनू तुझे स्वेटर घड्या घालून खोक्यात भरत होती आणि मी कपाट पुसत होते. तिच्याकडे पाठ होती म्हणूनच बोलता आलं.

"विनू, मला तुला सांगायचंय. ताईचा रिपोर्ट मी आधी पाहिला होता. गुरुवारी. तू जायच्या तीन दिवस आधी."

मी वळून पाहिलं तर ती घडीच घालत होती.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"ताईनं. मंगळवारीच. डॉक्टरनं कागद दिला तर तिनं आधी खालून वाचला, तिची सवयच ती."

ती सवय मलाही माहीत होती. जुन्या वहीत लिहिणाऱ्याचं नाव आणि तिथी शेवटच्या पानावर असते, म्हणून तू कुठलाही कागद खालून वाचायला घ्यायचीस, अगदी विजेचं बिलसुद्धा.

"गुरुवारची तारीख होती, तुझ्या लॅबचं नाव होतं," विनू सांगत होती. "मला फोनवर म्हणे, शैलाच बघते हे. म्हणूनच ती तिकिटाचं विचारून राहिली होती. मी म्हटलं, आत्ता तिला फोन लावते अन् विचारते, तुला काही वाटलं नाही का? तर ताई ओरडली माझ्यावर. म्हणे, खबरदार! मला माहीत आहे हे तिला कळू द्यायचं नाही. कळलं तर ती तोंड लपवून बसेल, माझ्याकडे यायची नाही. अन् मला ती यायला पाहिजे."

मी खाली बसले, खोक्यांच्या मध्ये.

"तू रागावली असशील," मी म्हटलं.

"असशील म्हणजे? आठ महिने दर रविवारी तुला फोन करून ताईची तब्येत विचारायची, अन् शेवटी गोड आवाजात विचारायचं, शैला, जेवलीस का? दातओठ खाऊन विचारत होती मी. ताईनं वचन घेतलं होतं म्हणून."

"आणि आता?"

विनूनं खोक्याला टेप लावली. "आता मला माहीत नाही," ती म्हणाली.

कुंदा, आता मी तुझ्यावर चिडले आहे. दोन आठवडे मी तुझ्याशी मनातसुद्धा बोलले नाही. आयुष्यभर तू काय शिकवलंस गं? ज्याचं दुखणं त्यालाच सोडून गावाला माहीत, यावर एवढं तणतणायचीस. आणि माझ्या बाबतीत तू नेमकं तेच केलंस. दुखणं माझं, कळलं तुला, मला हसून म्हणालीस सूप छान झालंय, आणि नातेवाइकांना बाहेर सांगून ठेवलंस. तीस गुरुवार मी तुझ्या शेजारी कण्हत होते आणि तू बघत होतीस. एका शब्दानं मला मोकळं केलं असतंस. भांडलो असतो, मी रडले असते, तू चार शिव्या दिल्या असत्यास, आणि पुढच्या गुरुवारी मी आलेच असते. तुला वाटलं, मी येणार नाही?

हे वाक्य लिहिलं आणि हात थांबला. खरं सांगायचं तर मला माहीत नाही. मी कदाचित अविनाशला पाठवलं असतं. तू माझं काळं पित्त माझ्यापेक्षा बरं ओळखत होतीस, आणि तुला थर्मास धरून बसणारं माणूस हवं होतं. तुला माझी गरज होती, हे तू तोंडानं कधीच म्हणाली नाहीस. विनूकडून कळलं. त्याबद्दल मी तुझे उपकार मानते, आणि रागही जात नाही, दोन्ही एकाच वेळी.

काल रविवार होता. विनूचा फोन येईल असं मला वाटलं नव्हतं, आता फोन करायला कारणच काय उरलं? सकाळभर मी फोनजवळून हलले नाही. साडेअकराला वाजला. ती शाळेबद्दल बोलली, तिकडच्या उकाड्याबद्दल बोलली. तुझा फोटो भिंतीला लावलाय म्हणाली. मग तिनं विचारलं, "शैला, जेवलीस का?"

मला कळेना, हा कुठला आवाज आहे. आठ महिन्यांचा तो, की दुसरा. दर रविवारी मी पटकन म्हणायचे, हो, जेवले, तू? तेच तोंडावर आलं होतं.

मी म्हटलं, "नाही. दोन-तीन दिवस नीट जेवलेच नाही."

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. एवढ्या लांबून तो ऐकू येतो, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"मी पण नाही जेवली," विनू म्हणाली.

मग बराच वेळ आमच्यापैकी कुणीच फोन ठेवला नाही.